सोबत : सहपत्रे पाच

नगरपालिकेच्या गावात एक तरी नाना असतातच. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे तात्या, कुठे नुसतंच 'निवेदनवाले', माणूस तोच. पांढरा शर्ट, खिशाला निळं आणि लाल अशी दोन पेनं, काखेत रेक्झिनची पिशवी आणि त्या पिशवीत निवृत्तीपासूनचा सगळा पत्रव्यवहार, तारीखवार लावलेला. गावात नवे मुख्याधिकारी रुजू झाले की कार्यालय त्यांना तीन गोष्टी आधी सांगतं : पाणी कुठून येतं, कुठल्या नगरसेवकाचं कुणाशी पटत नाही आणि नाना किती वाजता येतात.

आमचे नाना साडेअकराला येतात. कार्यालय पावणेदहाला उघडतं, हे त्यांना ठाऊक आहे. आणि टेबलाला माणूस साडेअकराला लागतो, हेही ठाऊक आहे. कारण त्याच टेबलांमागे त्यांची सगळी नोकरी गेली. बारनिशीत चिकटले, कर विभागात मुरले आणि हेडक्लार्क म्हणून शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडले. त्यामुळे 'साहेब व्हीसीत आहेत' हे वाक्य त्यांच्यापुढे चालत नाही. त्यांच्या काळी व्हीसी नव्हती. तेव्हा साहेब 'साइटवर' असत. साइट कुठली, हे कधीकधी साहेबांना संध्याकाळी कळे. 'कार्यवाही चालू आहे', 'वरिष्ठांचे मार्गदर्शन मागविले आहे', 'निधी उपलब्धतेनुसार' ही सगळी अस्त्रं नानांनी आयुष्यभर लोकांवर चालवली. आता ती उलटी येतात तेव्हा नाना दुखावत नाहीत. वाक्यरचना चुकली असेल तर तेवढी दुरुस्त करून देतात.

निवृत्तीनंतर त्यांनी हात घातला तो ज्येष्ठ नागरिकांच्या प्रश्नाला. सुरुवात जिन्यापासून झाली.

घरपट्टी भरायची खिडकी आमच्याकडे पहिल्या मजल्यावर होती. जिना अंधारा, मध्ये वळण, भिंतीच्या बाजूला कठडा नाही आणि मोकळ्या बाजूला होता तो हलणारा. भरणा लांबवला तर थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती. म्हणून गावातली म्हातारी माणसं मार्चअखेरीला एकेका पायरीवर थांबत, खाली येणाऱ्याला 'अजून किती?' विचारत वर जात. नाना नोकरीभर हा जिना चढले. पण गुडघे कुरकुरू लागले तेव्हा कुठे तो त्यांना पहिल्यांदा दिसला. लगोलग निवेदन गेलं : 'विषय – ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी करभरणा खिडकी तळमजल्यावर आणणेबाबत.'

कर विभागातल्या कोवळ्या क्लार्कने ते वाचलं आणि अदबीने भिंतीवरच्या पत्र्याच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी म्हणत होती : 'मिळकतधारकाने समक्ष वर येऊन भरणा करावा. खाली चौकशी करू नये.'

"नाना, पाटी तुमच्याच काळातली आहे. पेंटरच्या बिलावर सही तुमची आहे. फाइल काढून दाखवू?"

दुसरा कोणी वरमला असता. नाना म्हणाले, "अरे, पाटी लावली तेव्हा मी चाळिशीत होतो. दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचो. नियम करणाऱ्याचे गुडघे नेहमी चांगलेच असतात, बाळ. म्हणून तर पुढे अर्ज करावा लागतो. घे, पोच दे."

खिडकी लगेच खाली आली नाही. नगरपालिकेने मधला मार्ग काढला. जिन्याखाली एक टेबल टाकलं, वर 'ज्येष्ठ नागरिक मदत कक्ष' असा फ्लेक्स लावला आणि त्याच कोवळ्या क्लार्कला तिथे बसवलं. टेबलावर कॉम्प्युटर नव्हता. म्हणजे म्हाताऱ्याने खाली पैसे द्यायचे, क्लार्कने वर धावत जाऊन पावती फाडून आणायची, सुटे पैसे द्यायला पुन्हा जायचं. मार्चचा महिना. पंधरा दिवसांत पोरगं जिना चढताना भिंतीला हात लावायला लागलं. महिना संपायच्या आत खिडकी तळमजल्यावर आणण्याची टिपणी त्याने स्वतःच लिहिली. नानांनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. टिपणी मंजूर झाली, खिडकी खाली आली. नानांचं तेव्हापासून ठाम मत आहे, की ज्येष्ठांचा प्रश्न सोडवायचा तर तो आधी एखाद्या तरुणाला झाला पाहिजे.

मग रॅम्पचं प्रकरण. प्रवेशद्वाराला तीन पायऱ्या आहेत, उंची अठरा इंच. नानांच्या पाठपुराव्याने रॅम्प मंजूर झाला. प्राकलन झालं, निविदा निघाली, ठेकेदाराने एका शनिवारी-रविवारी सिमेंट ओतूनही टाकलं. सोमवारी नाना टेप घेऊन हजर. एक इंच चढाला बारा इंच लांबी हवी, हा हिशेब त्यांना तोंडपाठ. अठरा इंचांना अठरा फूट. रॅम्प भरला सहा फूट.

"नाना, जागाच तेवढी होती," अभियंता म्हणाला. "पुढे साहेबांची गाडी लागते."

त्या दिवशीचं निवेदन अजून बारनिशीत आदराने दाखवलं जातं. 'सदर रॅम्पवरून खाली येणे शक्य आहे. थांबणे शक्य नाही. सबब, रॅम्पच्या पायथ्याशी एक वैद्यकीय अधिकारी नेमण्यात यावा.' साहेब हसले, आणि हसलेला अधिकारी निम्मा जिंकलेला असतो, हे नाना जाणून आहेत. गाडी दोन फूट मागे सरली, रॅम्प दोन फूट पुढे आला. उरलेले दहा फूट पत्रव्यवहारात आहेत.

१ ऑक्टोबर हा नानांचा खास दिवस. संयुक्त राष्ट्रांनी तो ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला आणि १९९१ पासून तो जगभर पाळला जातो, हे नाना दरवर्षी नगरपालिकेला कळवतात, कारण नगरपालिका दरवर्षी ते ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी शोधून काढते. मग धावपळ. नगरपालिकेच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शाली, नारळ, गुलाब. पत्रिकेत वेळ अकराची. प्रमुख पाहुणे दीडला येतात. मधल्या काळात निम्म्या सत्कारमूर्तींची साखर उतरलेली असते, उरलेल्यांची गोळी घ्यायची वेळ टळलेली असते आणि हातातल्या गुलाबाने मान टाकलेली असते. पाहुणे मात्र ताजे. एका वर्षी त्यांनी भाषणात, ज्येष्ठ हे समाजाचे वटवृक्ष आहेत, असं सांगितलं. आभार मानायला उठलेले नाना म्हणाले, "साहेब, वडाला निदान पार तरी बांधतात. आम्हाला नुसते बाक बांधा." टाळ्या पडल्या. पाहुण्यांना ती मागणी आहे हे कळलं नाही. सूत्रसंचालकाला कळलं, त्याने घाईने राष्ट्रगीत घेतलं.

बाक आले, पण सौजन्याचे. पाठीवर सौजन्य देणाऱ्याचं नाव इतकं ठळक, की बसणाऱ्याच्या शर्टाला ते छापलं जाईल अशी भीती. जागाही अशी, की दुपारी चारपर्यंत ऊन आणि पुढे डास. नानांची तक्रार मात्र वेगळीच. "याला हात नाहीत," ते म्हणाले. आमच्यासारख्यांच्या लक्षात येत नाही. साठीपुढे बसणं सोपं, उठणं अवघड. बाकाला दोन्ही बाजूंना हात हवेत, उंची अठरा इंचांच्या आसपास हवी, नाहीतर खाली बसलेला माणूस कुणीतरी ओळखीचं दिसेपर्यंत तिथेच. नानांनी निवेदनात लिहिलं : 'ज्येष्ठांना बसविण्यास सर्वच उत्सुक आहेत, उठविण्याचीही तरतूद व्हावी.' नव्या बाकांना हात आले. बाजारपेठेतल्या स्वच्छतागृहाचं निवेदन त्याहून जुनं आहे. ते नाना बोलून दाखवत नाहीत, नुसती पिशवी थोपटतात. ज्यांना दर तासाला जावं लागतं अशी पुरुषमंडळी त्या पिशवीकडे आशेने बघतात, आणि बायका तर बाजाराला निघायच्या आधी घरी पाणीच पीत नाहीत.

एवढं सगळं कार्यालयात. खरं कार्यालय नानांच्या ओसरीवर. श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसीलला द्यायचा, जन्माचा दाखला नगरपालिकेत मागायचा, उत्पन्नाचा पुन्हा तहसीलला, आधारची दुरुस्ती तिसरीकडे, हे सत्तरीच्या माणसाला कोण समजावणार? नगरपालिकेचा शिपाईसुद्धा आता म्हातारं माणूस दिसलं की सांगतो, 'नानांकडे जा.' आस्थापनेवर पद मंजूर नाही, वेतनश्रेणी नाही, तरी गावाचा ज्येष्ठ नागरिक विभाग तिथे रोज चारला उघडतो.

आणि उघडल्या उघडल्या जुना हेडक्लार्क जागा होतो. आलेल्याकडे न बघताच नाना म्हणतात, "आधारच्या दोन झेरॉक्स. फोटो दोन. उद्या या." एकदा एका मावशींनी उत्तर दिलं, "नाना, उद्याचं मला काय सांगता? माझं वय तरी बघा." तेव्हापासून पंचाहत्तरीपुढच्यांना नाना उद्या बोलवत नाहीत.

योजना त्यांना मुखोद्गत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना चष्मा, काठी, कानाचं यंत्र असल्या वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये. सत्तरी ओलांडली की उत्पन्न न विचारता वय वंदना कार्ड, पाच लाखांपर्यंतचा उपचार. श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. या शेवटच्या अटीवर नाना नेहमी थांबतात आणि लाल पेनाने भागाकार करून दाखवतात. "दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. घरात साठ रुपये रोज आले, की म्हातारा शासनाच्या लेखी सुखवस्तू."

मावशींची खरी अडचण उत्पन्नाची नव्हती, अंगठ्याची होती. जन्मभर खुरपं धरून आणि भांडी घासून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या. बँकेत पैसे काढायला गेल्या की यंत्रावर अंगठा उठेना. ऑपरेटर म्हणाला, "आजी, तुमचं मॅच होत नाही. दुसरं बोट द्या." दहाही बोटं झाली. नाना सोबत होते. त्यांनी रुमाल ओला करून अंगठा पुसला, पिशवीतून व्हॅसलिनची डबी काढून चोळला, पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला. यंत्रात लाल दिवा. मागे रांग चुळबुळायला लागली.

"यंत्र काय म्हणतंय?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही नाही आहात, म्हणतंय."

"मग मी चार मैलांवरून आले ती कोण?"

नाना मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. ओरडले नाहीत, ओरडणाऱ्याला बाहेर काढता येतं. कागद मागितला आणि लिहिलं : 'सदर खातेदार समक्ष हजर असून त्या बोलत आहेत. तरी त्या नसल्याबाबतचे यंत्राचे म्हणणे कृपया लेखी मिळावे.' लेखी म्हटल्यावर मॅनेजरला डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवायचं यंत्र कपाटात असल्याचं आठवलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने पहिल्या फटक्यात हिरवा दिवा दिला. पैसे मिळाले. मावशींनी त्यातून नानांना चहा देऊ केला. नानांनी तो घेतला, कारण बिनसाखरेचा सांगितल्यावर चहावाला दोन रुपये कमी घेतो असा त्यांचा समज आहे. घेत नाही.

२६ ऑगस्ट २०२२ पासून राज्य सरकारने पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट केला. पंढरपूर झालं, जोतिबा झाला, लेकीबाळी झाल्या. गावची मंडळी हरखून फिरून आली. नाना पंचाहत्तर पुरे व्हायची वाट पाहत होते ते वेगळ्याच कारणासाठी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. नाना पहाटेची गाडी पकडतात, शून्य रुपयांचं तिकीट वहीत चिकटवतात आणि शासनाच्याच खर्चाने जाऊन शासनाची तक्रार देऊन येतात. कंडक्टर त्यांना खिडकीची जागा धरून ठेवतो. त्याच्या वडिलांचं काहीतरी काम पिशवीत आहे.

गावातल्या मुलांना मात्र नाना धडकी भरवतात. कुठल्या घरात म्हाताऱ्याच्या नावचं घर मुलाच्या नावावर होतंय असा वास लागला, की नाना चहाच्या निमित्ताने जाऊन बसतात आणि हवापाण्याच्या सुरात सांगतात, "मृत्युपत्र करा हवं तर. बक्षीसपत्र जपून." २००७ सालच्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याची पुस्तिका त्यांच्याकडे आहे, पानं सुटलेली. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते बक्षीस रद्द करून मागता येतं, हे कलम २३ त्यांनी हिरव्या शाईने अधोरेखित केलंय. प्रांताच्या न्यायाधिकरणात निर्वाहभत्ता मागता येतो, महिन्याला १०,००० पर्यंत. आणि कलम १७ वर त्यांचं विशेष प्रेम, कारण त्यात या कामी वकील देण्याला मनाई लिहिली आहे. "म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मीच होतो," असं ते म्हणतात. प्रत्यक्षात नाना कुणाला प्रांतापर्यंत नेत नाहीत. अर्जाचा मसुदा तेवढा लिहून ओसरीवरच्या खिळ्याला टांगतात. मुलाच्या कानावर जातं. आठवड्याभरात म्हाताऱ्याचं जेवण पडवीतून स्वयंपाकघरात येतं आणि मसुदा निकाली निघतो.

नानांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, या सगळ्यावर एकच म्हणणं : "नोकरीत होते तेव्हा लोक यांना शोधत कचेरीभर फिरायचे. तेव्हाच जागेवर सापडले असते तर आता एवढं पळावं लागलं नसतं." मोरीतला नळ गळत असल्याचं काकूंनी दोन महिने तोंडी सांगून पाहिलं, शेवटी कागदावर विषय, संदर्भ घालून दिलं. नानांनी पोच दिली. नळ प्लंबरने दुरुस्त केला, काकूंनी बोलावलेल्या.

नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या, त्या काळात नानांची खरी कसोटी लागली. आमच्याकडे मुख्याधिकारीच प्रशासक झाले. म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी प्रस्ताव ठेवायचा, प्रशासकांनी मंजूर करायचा, आणि दोन्ही खुर्च्यांत माणूस एकच. तरीही नानांनी ज्येष्ठांसाठी मागितलेल्या विरंगुळा केंद्राची फाइल अडली. 'स्वतःशी पत्रव्यवहार करण्यास आपणांस सवड होत नसल्याचे दिसते,' असं नानांनी स्मरणपत्रात नोंदवलं. २०११ च्या जनगणनेत राज्यात दहातला जवळजवळ एक माणूस साठीपुढचा होता, हेही जोडलं. उत्तर आलं : 'लोकनियुक्त मंडळ अस्तित्वात आल्यावर विचार करण्यात येईल.'

२०२५ च्या डिसेंबरात अखेर निवडणूक आली आणि साठीपुढची मतं मोजायला सगळी पॅनेलं नानांच्या ओसरीवर आली. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी. एक तर रात्री दिवे मालवून. प्रत्येकाला जाहीरनाम्यात ज्येष्ठांसाठी 'चार ओळी' हव्या होत्या. नानांनी प्रत्येकाला सुवाच्य अक्षरात लिहून दिल्या : सहा महिन्यांत विरंगुळा केंद्र, हात असलेले बाक, रॅम्पचे उरलेले दहा फूट, बाजारपेठेत स्वच्छतागृह. पाचही पॅनेलांनी त्या तशाच छापल्या. स्वल्पविरामसुद्धा नानांचे. जाहीर सभेत तर एकाने दुसऱ्यावर आपला मुद्दा चोरल्याचा आरोपही केला. नाना पहिल्या रांगेत, हाताच्या खुर्चीवर बसून ऐकत होते.

निकालानंतर नवे नगराध्यक्ष पेढे घेऊन आले, पाया पडले. नानांनी पेढा काकूंकडे दिला आणि निवेदन पुढे केलं. संदर्भ : आपला जाहीरनामा, पान तीन. सोबत : सहपत्रे पाच.

"पाच कसली, नाना?"

"एक तुमचा जाहीरनामा, चार पडलेल्यांचे. सगळ्यांचं म्हणणं एकच आहे. सभागृहात विषय आला की विरोध करायला कुणाला तोंड राहू नये."

नगराध्यक्षांनी पाची कागद उलटेपालटे करून पाहिले. मग हसून म्हणाले, "नाना, तुम्हीच स्वीकृत सदस्य म्हणून आत या. तुमची कामं पटापट होतील."

"आत मी होतोच की आयुष्यभर," नाना म्हणाले. "तेव्हा कुठे झाली? बाहेरचा माणूस बरा असतो. पोच द्या. तारखेबरोबर वेळही घाला. सहा महिने आजपासून धरतोय."

नगराध्यक्षांनी खिसे चाचपले. पेन नव्हतं. नानांनी लाल पुढे केलं, मग परत घेतलं आणि निळं दिलं.